'दोन शब्द बोला ना': पहिल्यांदाच माईक हातात घेणाऱ्यांसाठी

'तुम्ही पण दोन शब्द बोला ना' हे वाक्य मुंबईत माणसाला कुठेही गाठतं. सोसायटीतलं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन, मंडळाचा बक्षीस समारंभ, ऑफिसात कुणाच्या तरी रिटायरमेंटचा केक, शाळेतली पालकसभा. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून खणखणीत भांडणाऱ्या बाईच्या हातात माईक दिला की तिचा आवाज घशातच अडकतो. मी छोट्यामोठ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते आणि पहिल्यांदाच बोलणाऱ्यांना अधूनमधून तयारही करून देते. त्यातला जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, 'आधी जरा कॉन्फिडन्स येऊ दे, मग बोलतो.'

हा क्रम उलटा आहे. तुमच्या पोटात काय चाललंय ते समोरच्यांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते तुम्ही कसे उभे राहिलात, पहिलं वाक्य कसं टाकलंत, कुठे थांबलात, कुणाकडे बघितलंत. या सगळ्या करायच्या गोष्टी आहेत आणि पाय लटपटत असतानाही त्या करता येतात. त्या कशा करायच्या, ते क्रमाने सांगते.

आधी भीतीचं बघू

मोहनदास गांधी १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईत वकिली करायला लागले. स्मॉल कॉज कोर्टातला पहिलाच खटला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले तर डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि पक्षकाराच्या माणसाला म्हणाले, फी परत घ्या, दुसरा वकील करा. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या प्रश्नावर मुंबईतच सभा झाली. तिथेही लिहून आणलेलं भाषण वाचताना त्यांचा आवाज पोचेना आणि शेवटी ते काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखवलं. याच शहरात ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँक मैदानावर 'करेंगे या मरेंगे' म्हणणारा माणूस तोच. तेव्हाही आवाज काही बुलंद नव्हताच.

माईकजवळ जाताना छाती धडधडते, हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, ते ॲड्रिनलिन नावाच्या हार्मोनमुळे. शरीर तयारीत आलेलं असतं आणि बहुतेकांची ही धडधड पहिल्या काही मिनिटांत ओसरायला लागते. तिच्याशी झगडू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग इथे कामाचे आहेत. भाषणाआधी स्वतःला 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांचं बोलणं सरस ठरलं. मला हे पटतं, कारण धडधडत्या छातीला शांत करणं अवघड असतं, पण त्या धडधडीला उत्साह म्हणणं फार अवघड नाही.

दुसरी गोष्ट याहून दिलासा देणारी आहे. आपली घबराट सगळ्यांना दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, पण ऐकणाऱ्यांना ती त्या मानाने फारच कमी दिसते. सॅविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे भाषण करणाऱ्यांवरच तपासलं, आणि ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधीच सांगितली होती त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. तेव्हा 'मला खूप भीती वाटतेय हं' असं माईकवर जाहीर करू नका. लोकांना ते माहीतच नव्हतं.

जाता जाता दोन ऐकीव गोष्टी डोक्यातून काढून टाका. पहिली म्हणजे 'संवादात शब्दांचं महत्त्व फक्त सात टक्के, बाकी सगळी देहबोली'. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधले आहेत. ते प्रयोग सुटे शब्द आणि आवड-नावड एवढ्यापुरतेच होते, त्यांचा तुमच्या भाषणाशी संबंध नाही. दुसरी गोष्ट बाथरूममध्ये दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून 'पॉवर पोझ' घेण्याची. २०१० च्या ज्या संशोधनावर हे फॅड उभं राहिलं, त्यातले हार्मोनचे बदल पुढच्या मोठ्या प्रयोगात दिसलेच नाहीत, आणि मूळ संशोधिकांपैकी एकीने २०१६ मध्ये स्वतःच त्यावरचा विश्वास उडाल्याचं जाहीर केलं. ती दोन मिनिटं पहिलं वाक्य पुन्हा म्हणण्यात घालवा.

पहिली पायरी: काय घडायला हवं ते ठरवा

'मला सोसायटीच्या सभेत बोलायचंय' एवढ्यावर तयारी होत नाही. तुम्ही बसल्यावर लोकांनी काय करायला हवं? हात वर करून ठराव मंजूर करायचा, वर्गणी द्यायची, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यासाठी मनापासून टाळ्या वाजवायच्या की फक्त हसायचं? ते एका ओळीत कागदावर लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर भाषण तयार नाही, मग कितीही पानं भरलेली असोत.

त्यानंतर, समोर कोण असेल याची चौकशी करा. आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: किती माणसं, माझ्या आधी कोण बोलणार, आणि मला नक्की किती मिनिटं. मुंबईत कार्यक्रम उशिरा सुरू होतात आणि शेवटच्या वक्त्याची वेळ कापली जाते, म्हणून दहा मिनिटं सांगितली असतील तर सात मिनिटांचं तयार करा आणि त्यातलंच तीन मिनिटांचं रूपही ठरवून ठेवा. ऐनवेळी 'जरा आवरतं घ्या' अशी चिठ्ठी आली की ज्याच्याकडे छोटं रूप तयार असतं तो शांत दिसतो. बाकीचे 'वेळेअभावी सगळं सांगता येणार नाही' म्हणत त्यातच आणखी एक मिनिट घालवतात.

दुसरी पायरी: मजकूर

एक उदाहरण नीट उलगडून बघू. समजा तुम्ही सातव्या मजल्यावर राहता. सप्टेंबरमध्ये सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्यात, कोरम होईना म्हणून अर्धा तास गेलाय, लोक कंटाळलेत. तुम्हाला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मंजूर करून घ्यायचाय आणि खालच्या मजल्यांवरच्यांना त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. बहुतेकजण असं बोलतात:

'नमस्कार. सर्वप्रथम कमिटीचे आभार मानतो की त्यांनी मला बोलायची संधी दिली. मी काही वक्ता नाही, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या. तर ॲक्च्युअली विषय असा आहे की गच्चीच्या लीकेजचा प्रॉब्लेम बरीच वर्षं चालू आहे, आम्ही वारंवार पत्रं दिली, कमिटीने लक्ष दिलं नाही, आम्हाला खूप त्रास होतोय…'

पहिल्या तीन वाक्यांत काहीच नाही. चौथ्यात कमिटी दुखावली. 'आम्ही' आणि 'तुम्ही' अशी फाळणी झाली आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल काढून बसले. आता हे बघा:

'जुलैमध्ये आमच्या मजल्यावरच्या तीन घरांत लोक बादल्या लावून झोपत होते. (थांबा.) तेच पाणी आता गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूमच्या भिंतीत उतरलंय. लिफ्ट बंद पडली तर ती फक्त सातव्या मजल्यासाठी बंद पडणार आहे का? पहिल्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं तर काय करणार आपण? काम एकच आहे, खर्च आज कोटेशनमध्ये लिहिलाय तेवढा आहे, आणि पुढच्या पावसाळ्याला अजून आठ महिने आहेत. आज ठराव मंजूर करू या, म्हणजे मे महिन्याच्या आत गच्ची कोरडी होईल.'

दुसऱ्या मजकुरात कुठलाही अलंकार नाही. पण सुरुवात डोळ्यांसमोर उभ्या राहणाऱ्या दृश्याने झाली. मग 'आमचा' प्रश्न 'आपला' झाला. ज्याचं उत्तर ऐकणाऱ्याने मनात द्यावं असा प्रश्न आला. तीन मुद्दे एका दमात आले. शेवटी तारखेसकट मागणी आली. लोझान विद्यापीठातले जॉन अँटोनाकिस आणि त्यांचे सहकारी करिष्म्याचा अभ्यास करतात. त्यांनी नेत्यांच्या बोलण्यातून नेमकी हीच हत्यारं वेगळी काढली: गोष्ट, उपमा, विरोध, प्रश्न, तीनची यादी, समूहाच्या भावनेला दिलेला शब्द, ठाम नैतिक भूमिका, मोठं ध्येय आणि ते गाठू शकू असा विश्वास. त्यांनी २०११ मध्ये मॅनेजर लोकांना ही शिकवली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी त्यांना आधीपेक्षा जास्त प्रभावी ठरवलं. म्हणजे ज्याला आपण 'उपजत आहे हो त्याच्यात' म्हणतो, त्यातला बराच भाग वहीत लिहून काढता येतो.

तीनची यादी आपल्याला नवी नाही. अन्न, वस्त्र, निवारा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. कानाला तिसऱ्या पदावर पूर्णविराम ऐकू येतो. पाच मुद्दे असतील तर दोन गाळा किंवा जोडा.

पूर्ण भाषण पाठ करू नका. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी आपल्यापैकी अनेकांना ती सवय लावली आहे: 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' पासून सुरू झालेली गाडी एका शब्दाला अडली की सगळीच थांबते. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य अक्षरशः पाठ करा. मधलं सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, मुद्द्यामागे दोन-तीन शब्द, इतक्या मोठ्या अक्षरात की चष्म्याशिवायही दिसावं. ए-फोर कागद नको, हात थरथरला तर तो फडफडतो आणि माईकमध्ये ऐकूही येतो. मोबाइलवरून वाचायचं असेल तर किमान स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा आणि फोन सायलेंटवर टाका.

मान्यवरांची नावं हा आपल्याकडचा खास अडथळा आहे. टाळता येत नाहीत आणि लांबवली तर सुरुवातच मरते. सूत्रसंचालकाने सगळी नावं घेतलेली असतात, तेव्हा 'अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर आणि मित्रहो' एवढं पुरतं. एखादं नाव घ्यावंच लागणार असेल तर आडनावाचा उच्चार त्या व्यक्तीलाच आधी जाऊन विचारा. कुणाला राग येत नाही, उलट ओळख होते आणि समोर एक हसरा चेहरा तयार होतो.

तिसरी पायरी: सराव, तोही वन-बीएचकेत

मोठ्याने सराव करा, असं सगळे सांगतात. घरात सासूबाई मालिका बघतायत, मुलगा अभ्यास करतोय आणि पलीकडच्या भिंतीतून शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू येतोय, तिथे मोठ्याने बोलायचं कुठे? मी सगळ्यांना एकच उपाय सांगते: कानात इअरफोन घाला आणि चालायला बाहेर पडा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये, मरीन ड्राइव्हवर, नाहीतर आपल्याच सोसायटीच्या कंपाउंडमध्ये. या शहरात फोनवर हातवारे करत बोलणाऱ्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. फोनवरचा रेकॉर्डर चालू ठेवा, म्हणजे एका फेरीत सराव आणि रेकॉर्डिंग दोन्ही होतं. आणखी एक फायदा: चालताना धाप लागते, त्यामुळे लांबलचक वाक्यं कुठे तोडायला हवीत ते लगेच कळतं.

मनातल्या मनात म्हटलेलं भाषण सरावात धरू नका. जीभ अडखळते कुठे ते तोंडाने म्हटल्यावरच कळतं. 'सर्वसाधारण' शब्दाला अडखळत असाल तर 'वार्षिक सभा' म्हणा.

रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. त्याकडे दुर्लक्ष करा आणि फक्त भरतीचे शब्द मोजा. 'म्हणजे', 'बेसिकली', 'काय म्हणतात ते', 'तर', 'ओके'. प्रत्येकाचा एक लाडका असतो. तो कोणता ते कळलं की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्या जागी तोंड मिटून ठेवायची सवय लावायची.

चौथी पायरी: वेळेआधी पोहोचा आणि माईक ओळखा

एक लोकल आधीची पकडा. जिने चढून, घामाघूम होऊन, धापा टाकत थेट माईकवर जाणाऱ्याला कुठलंच तंत्र वाचवू शकत नाही. पावसाळ्यात एक कोरडा रुमाल आणि चपलांचा विचार करा, ओल्या तळव्यांनी गुळगुळीत लादीवर चालणं हा वेगळाच थरार आहे. कार्यक्रमाआधी भरपेट वडापाव नको, थंड सरबत नको. साधं पाणी जवळ ठेवा.

हॉल रिकामा असताना व्यासपीठावर जाऊन उभे राहा. शेवटच्या रांगेतून कुणाला तरी ऐकायला सांगा. पंखे किती आवाज करतात, खिडकी रस्त्याकडे आहे का, दिवा थेट डोळ्यांवर येतो का, हे तेव्हाच कळतं. माईकवाल्या दादांना नमस्कार करा आणि त्यांचं ऐका, त्या हॉलमध्ये कुठे उभं राहिलं की शिट्टी वाजते ते त्यांना पाठ असतं.

हातातला माईक हनुवटीच्या जरा पुढे, तोंडापासून चारेक बोटांवर, बोलाल तसा डोक्याबरोबर फिरवत ठेवा. बहुतेक नवखे माईक छातीशी धरतात आणि मग आवाज पोचत नाही म्हणून ओरडतात. जाळीला मुठीत पकडू नका, आवाज कोंदट होतो आणि शिट्टीही वाजते. स्पीकरच्या समोर माईक घेऊन जाऊ नका, शिट्टीचं मुख्य कारण तेच. टकटक करून किंवा फुंकर मारून तपासू नका. पहिलं वाक्यच बोला, तीच तपासणी.

बायकांसाठी एक खास सूचना, कारण आयोजक हे कधीच आधी सांगत नाहीत. कॉलर माईक असेल तर त्याचा डबा अडकवायला कमरेला काहीतरी लागतं. साडीला परकराचा नाडा चालतो, पण खिसा नसलेला वनपीस किंवा बिनपट्ट्याचा अनारकली घातलात तर तो डबा हातात धरून बोलावं लागतं. पदराची जरीची किनार किंवा लांब मंगळसूत्र माईकवर घासलं की प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते. आणि पोडियमवरचा माईक आधी बोललेल्या सहा फुटी गृहस्थांच्या उंचीवर असेल तर टाचा उंचावू नका. आरामात तो खाली वाकवा, दहा सेकंद लागली तरी चालतील. स्वतःला हवी तशी व्यवस्था करून घेणारी बाई व्यासपीठावर रुळलेली वाटते.

पाचवी पायरी: उभं राहणं आणि पहिलं अर्धं मिनिट

नाव पुकारलं की उठा, चालत जा, थांबा. चालता चालता बोलायला सुरुवात करू नका. दोन्ही पाय जमिनीवर, खांद्यांइतक्या अंतरात, वजन दोन्हींवर सारखं. एक श्वास पूर्ण सोडा, घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्या. समोरच्यांकडे बघा. मग पाठ केलेलं वाक्य. ही दोन-तीन सेकंदांची शांतता तुम्हाला युगासारखी वाटेल, पण लोकांना ती जेमतेम जाणवते, आणि जाणवलीच तर 'आता काहीतरी महत्त्वाचं येतंय' अशी जाणवते.

हातांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. मोकळा हात कमरेच्या वर, पोटासमोर सैल ठेवा. बोलायला लागलात की तो आपोआप हलतो, त्याला हलू द्या. गाडीच्या किल्ल्या, पेन, अंगठी, ओढणीचं टोक, कपाळावरची बट: या पाच वस्तूंपासून त्याला लांब ठेवा. शाळेतले ठरवून केलेले हातवारे मोठ्या माणसाला शोभत नाहीत, 'आकाश' म्हटलं की हात वर कशाला?

नजरेबद्दल 'भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा' असा सल्ला मिळतो, तो मला मुळीच मान्य नाही. लोकांना कळतं. एका माणसाकडे बघून एक वाक्य पूर्ण करा, मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या माणसाकडे बघून पुढचं. पंख्यासारखी डावीउजवीकडे मान फिरवत राहणं म्हणजे कुणाकडेच न बघणं. सुरुवातीला मान डोलावणारे, हसरे चेहरे शोधा, प्रत्येक गर्दीत चार असतात. मागच्या रांगेत हाताची घडी घालून कपाळाला आठ्या पाडून बसलेले गृहस्थ तुमच्यावर रागावलेत असं समजू नका. कार्यक्रम संपल्यावर 'छान बोललात' म्हणायला बऱ्याचदा तेच येतात, त्यांचा ऐकतानाचा चेहराच तसा असतो.

सहावी पायरी: वेग आणि थांबणं

घाबरलेला माणूस पळतो, जिभेनेही. वेग कमी करायचा ठरवून होत नाही. त्यापेक्षा कार्डावर मुद्दे संपतात तिथे मोठी उभी रेघ मारा आणि तिथे पूर्ण थांबा. विनोद केलात तर हसू संपेपर्यंत थांबा, हसण्यावर बोललेलं वाहून जातं. आकडा सांगितलात तर त्याच्यानंतर थांबा. खिडकीबाहेरून लोकल किंवा फटाक्यांची माळ गेली तर थांबाच, तिच्यावर ओरडून कुणी जिंकत नाही.

वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडून विरून जातो, ही आपल्याकडची फार मोठी खोड. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमकं 'झालं' की 'झालं नाही' तेच ऐकू येत नाही. शेवटचा शब्द माईकमध्ये नीट ठेवा. वाक्यं छोटी केलीत की श्वास पुरतो आणि हे आपोआप जमतं.

मराठी कुठली बोलायची?

तुमची. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, कोल्हापुरी वळणाची माणसं या शहरात माईकवर आली की अचानक पुस्तकी बोलायला जातात, 'न' आणि 'ण' सांभाळता सांभाळता विचार सुटतो आणि माणूस खोटा वाटायला लागतो. घरी ज्या वळणाने बोलता त्याच वळणाने बोला, फक्त जरा सावकाश आणि शब्द पूर्ण उच्चारून. कुणी हसलं तर हसू दे, दोन मिनिटांत ते विषयात गुंततात.

समोर गुजराती, तमिळ, उत्तरेकडची कुटुंबं असतील तर मुख्य मुद्दा आणि मागणी हिंदीत एकदा सांगा आणि परत मराठीवर या. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलात की दोन्हीकडचे लोक कंटाळतात.

गाडी घसरली तर

विसरलात तर कार्डाकडे खुशाल बघा, बघताना बोलू नका, मग डोकं वर करून पुढचं बोला. माईक बंद पडला तर दोन पावलं पुढे येऊन आवाज वाढवा आणि वाक्य पूर्ण करा, 'हॅलो हॅलो' नको. चुकीचं नाव घेतलंत तर लगेच बरोबर नाव घ्या, एकदाच, आणि पुढे चला.

सोसायटीच्या सभेत मध्येच कुणी तावातावाने उठतो. त्याला बोलू द्या, त्याच्याकडेच बघत ऐका. मग त्याचा मुद्दा तुमच्या शब्दांत एका वाक्यात सर्वांना ऐकू जाईल असा परत सांगा: 'काकांचं म्हणणं, तीन नाही तर पाच कोटेशनं घ्यावीत.' बऱ्याचदा एवढ्यानेच आवाज खाली येतो, कारण कुणीतरी आपलं ऐकून घ्यावं एवढंच त्यांना हवं होतं. उत्तर देताना मात्र नजर सगळ्या सभेवर न्या. एकट्या त्यांच्याकडे बघत राहिलात की ते भांडण दोघांचं होतं आणि बाकीचे मजा बघतात. उत्तर माहीत नसेल तर 'शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाकतो' म्हणा, आणि शुक्रवारी खरंच टाका. पुढच्या सभेत तुम्ही उठलात की लोक ऐकतील ते या शुक्रवारमुळे.

पुढचं वर्षभर

एका भाषणाने काही होत नाही. छोट्या संधी ओळीने लावून घ्या. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी मुलांच्या स्पर्धेची बक्षिसं जाहीर करा, यात फक्त नावं वाचायची असतात. सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात किंवा ऑफिसात एक कविता वाचा, शब्द दुसऱ्याचे असतात. एक मेला दोन मिनिटं स्वतःचं बोला. गणपतीत मंडळाच्या एका संध्याकाळचं सूत्रसंचालन मागून घ्या, कार्यकर्ते ते आनंदाने देतील, कारण ते कुणालाच नको असतं. फक्त रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक एरवी बंद करावा लागतो, तेव्हा त्या दिवसाची परवानगी आधी विचारून घ्या आणि कार्यक्रम त्याप्रमाणे आखा. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा येते, तिथे एखादा ठराव मांडा. ऑफिसात इंग्रजीतून बोलायचं असेल तर मुंबईत टोस्टमास्टर्सचे, म्हणजे एकत्र जमून भाषणाचा सराव करणाऱ्यांचे, बरेच क्लब आहेत. ही मूळची कॅलिफोर्नियातली, १९२४ पासून चालत आलेली चळवळ आहे, पाहुणा म्हणून जाऊन आधी नुसतं बसता येतं.

प्रत्येक वेळी कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, पण त्याच रात्री बघू नका, तेव्हा फक्त चुका दिसतात. दोन दिवसांनी आधी आवाज बंद करून बघा: उभं राहणं, हात, नजर. मग स्क्रीन उलटी ठेवून नुसतं ऐका: वेग, भरतीचे शब्द, वाक्यांचे शेवट. पुढच्या वेळेसाठी यातली एकच गोष्ट निवडा आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा.